भंडारा रोड ते बॅलार्ड पियर: आमची पहिली क्रूझ!

तुम्हाला ठाऊक होतं का, की भंडारा रोड स्टेशनवर दुपारी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सीएसएमटीला उतरलं, की जहाजाचा धक्का तिथून जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर असतो? मला नव्हतं! क्रूझ म्हणजे सिनेमातल्या लोकांनी करायची गोष्ट, त्यासाठी आधी विमान, मग व्हिसा, मग परदेश, असंच डोक्यात बसलेलं. आणि इथे भंडारा रोडला मिळणारी रोजची गाडी आपल्याला जवळजवळ जहाजाच्या दारात नेऊन सोडते. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही. ह्यांनाही आली नाही, कारण मी झोपू दिलं नाही!

पाणी आम्हाला नवं नाही हो. आमचा जिल्हाच तलावांचा. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले आणि राखलेले मालगुजारी तलाव गावोगावी आहेत. वैनगंगा आहे, पवनीजवळ गोसीखुर्दचं 33 दरवाज्यांचं धरण आहे. ह्यांची तर सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. पाणी अडवायचं, साठवायचं, मोजायचं आणि सोडायचं. पण या सगळ्या पाण्याला पलीकडचा काठ दिसतो. काठच नाही असं पाणी आम्ही दोघांनी मिळून कधी पाहिलंच नव्हतं. ह्यांच्या निवृत्तीनंतर कुठे जायचं हा प्रश्न निघाला तेव्हा मी एकच म्हटलं, “काठ दिसणार नाही असं पाणी दाखवा.” हे म्हणाले, “मग जहाजातच बसावं लागते.” झालं, ठरलं!

ठरलं म्हणजे, जायचं हे ठरलं. कुठे, कसं, कोणत्या जहाजाने, याचा पत्ता नव्हता. आणि खरं सांगते, क्रूझ निवडण्यात जी मजा आहे ती क्रूझच्या मजेपेक्षा कणभरच कमी! जेवणं झाली की आम्ही दोघं वही घेऊन बसायचो आणि एकेक पर्याय उघडायचा.

पहिला उघडला नदीचा. 13 जानेवारी 2023 ला वाराणसीहून ‘गंगा विलास’ निघाली होती ना, तिची माहिती वाचून ह्यांचे डोळे चमकले. 51 दिवस, सुमारे 3,200 किलोमीटर, बांगलादेशातून थेट आसामात दिब्रुगढला! जहाजात अवघे 18 सूट आणि 36 प्रवासी. नदीचा माणूस नदीवर भाळणारच. पण 51 दिवस घर कोण बघणार, आणि खर्च तर बोलूच नका. मग केरळ. आलप्पुळाची हाउसबोट सुंदरच, पण तिथेही दोन्ही बाजूंना काठ आणि काठावर नारळ. माझी अट मोडत होती.

मग आम्ही एकदम दुसऱ्या टोकाला गेलो. 2024 मध्ये फेऱ्या सुरू केलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ पाहिलं. लांबी सुमारे 365 मीटर, वीस डेक, आणि भरगच्च झालं तर साडेसात हजारांहून जास्त प्रवासी! आमच्याकडच्या कितीतरी गावांची लोकसंख्या यापेक्षा कमी आहे. हे कागदावर आकडे मांडत बसले आणि मग एका जागी थांबले. जहाजाचं जे ‘ग्रॉस टनेज’ सांगतात ते वजन नसतंच, ते आतल्या जागेचं मोजमाप असतं! आयुष्यभर दशलक्ष घनमीटरमध्ये विचार केलेल्या माणसाला याचा इतका आनंद झाला की त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं. शेजारच्या आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “हाव, पण बुडली त?”

आजींचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर पुढे येतंच.

तर एवढं मोठं जहाज आणि परदेशाचं प्रकरण पहिल्या खेपेला नको, हे कळायला वेळ लागला नाही. पासपोर्ट, व्हिसा, विमान, आणि एवढं करून समुद्र आपल्याला सोसलाच नाही तर? मग नजर आली घरच्या समुद्रावर. कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ सप्टेंबर 2021 पासून मुंबईहून फेऱ्या करू लागलं. आणि या जहाजाची कुंडली तर भलतीच रंजक! 1990 मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ नावाने ते समुद्रात उतरलं, पुढे ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झालं, अमेरिकी पर्यटकांना कॅरिबियन बेटांवर हिंडवून आणलं, आणि आता मुंबई-गोवा करतंय. अकरा डेक, दोनशे दहा मीटर लांबी. आजच्या अजस्र जहाजांपुढे लहानच. पण आम्हाला तेच भावलं. दोघांनी हरवायचं तर थोडंसंच हरवावं!

त्यातही मार्ग दोन. लक्षद्वीपचा मोह प्रचंड होता. पण तिथे जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. वारा उलटला की उतरणं रद्द होऊ शकतं, शिवाय बेटांसाठी परवाना लागतो. दिवसही जास्त. गोव्याला जहाज थेट मुरगाव बंदराच्या धक्क्याला लागतं, जिन्याने उतरायचं की गोव्यात पाय. दोन-तीन रात्रींचा प्रवास आणि देशातल्या देशात, म्हणून आधार कार्डावर काम भागतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गोवा!

आता खोली. इथे आमचं खरं भांडण झालं, म्हणजे गोड भांडण. खोल्या साधारण चार प्रकारच्या. आतली, जिला खिडकीच नाही. समुद्र दिसणारी, जिची खिडकी उघडत नाही. बाल्कनीची. आणि सूट. ह्यांचं म्हणणं, “खोलीत राहायचंच किती? आतली घेऊ, पैसे वाचतील.” बरोबरच आहे की! मित्रांच्या घोळक्यात गेलात तर आतलीच घ्या, झोपण्यापुरती. पण आम्ही दोघंच जाणार होतो. सकाळचा चहा हातात, समोर फक्त पाणी, आणि आजूबाजूला कुणी नाही, एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप! मी म्हटलं, दिवस कमी करा, पण बाल्कनी द्या. जोडप्याने पहिल्या क्रूझसाठी काय निवडावं असं मला कुणी विचारलं, तर माझं उत्तर हेच: रात्री कमी, बाल्कनी नक्की.

आणि ती बाल्कनी कुठली, हेही बघा! जहाज पुढच्या आणि मागच्या टोकाला जास्त उचललं जातं, वरच्या मजल्यांवर जास्त झुलतं. मधल्या भागात आणि शक्य तितक्या खालच्या डेकवर हालचाल सगळ्यात कमी. पाटबंधारेवाल्यांनी वहीत आकृती काढून मला हे पटवलं. मोठ्या प्रवासी जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डोलणं बरंच कमी करतात. तरी मळमळ होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी, आल्याचा तुकडा जवळ ठेवावा, आणि अस्वस्थ वाटलं तर खोलीत पडून न राहता डेकवर येऊन क्षितिजाकडे बघावं. साधा उपाय, पण काय गुण येतो!

महिना तर अजिबात चुकवू नका. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारीही बंद असते. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात ते उगाच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. आमच्याकडे धान निघून घरात येतो आणि तिकडे समुद्र शांत असतो. भंडाऱ्याच्या माणसासाठी यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला?

पैशाचं एक गुपित सांगते. जाहिरातीतला आकडा पाहून लगेच हुरळू नका. तो बहुतेक वेळा माणशी असतो, आणि एका खोलीत दोघं धरून. त्यावर बंदराचं शुल्क, सेवेची बक्षिसी, जीएसटी. जेवण भाड्यात असतं, शाकाहारी आणि जैन सुद्धा. दारू, स्पा, कॅसिनो आणि उतरल्यावरची सहल वेगळी. शेवटची बेरीज मागून घ्या आणि मगच होकार द्या. मोबाइलचंही तेच. किनारा सुटला की रेंज जाते, आणि जहाजावरच्या नेटवर्कने फोन जोडला गेला तर बिल डोळे पांढरे करतं. फ्लाइट मोड! आणि दोघांनी गप्पा माराव्यात, त्यासाठीच तर जायचं.

मग तो दिवस उजाडला. बॅलार्ड पियर! याच भागातून एकेकाळी विलायतेच्या बोटी सुटायच्या. ज्या बाबासाहेब आंबेडकरांनी 1954 मध्ये आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, ते 1930 मध्ये गोलमेज परिषदेसाठी मुंबईहूनच ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने निघाले होते. हे मला आठवलं आणि अंगावर काटा आला. आता तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं 20 सप्टेंबर 2025 ला उद्घाटनही झालं आहे. सामान तपासणी, ओळखपत्र, हातात खोलीचं कार्ड, आणि समोर ते जहाज! मान मागे टाकली तरी वरचं टोक दिसेना. हे फक्त एवढंच म्हणाले, “बापा!”

चढल्यावर पहिलं काम काय? जेवण? पोहण्याचा तलाव? नाही, सुरक्षा कवायत! आजींच्या प्रश्नाचं उत्तर हेच. 1912 मध्ये टायटॅनिक बुडालं आणि 1914 मध्ये समुद्रावरच्या जीवसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. 13 जानेवारी 2012 ला इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून 32 जण गेले, तेव्हा त्या दिवशी चढलेल्या कितीतरी प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला: जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत झालीच पाहिजे. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकला की ठरलेल्या जागी जमायचं. लोक कंटाळून फोन बघत होते. हे मात्र पहिल्या रांगेत उभे राहून जीवरक्षक जाकिटाचे पट्टे तपासत होते. धरणावर काम केलेल्या माणसाला सुरक्षेची कवायत कंटाळवाणी वाटत नाही!

आणि मग सुटलं! धक्का बाजूला सरकू लागला. पायाखाली मात्र काही हललं नाही. मुंबईच्या इमारती बोटभर झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. आम्ही वरच्या डेकवर धावलो. हो, या वयात धावलो! आणि तिथे ते होतं. पाणी! समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे, आणि काठ कुठेच नाही! ह्यांनी तिथल्या तिथे हिशेब केला: पाण्यापासून तीस मीटर उंचीवर उभं राहिलं तर क्षितिज साधारण वीस किलोमीटरवर असतं. म्हणजे आम्ही चाळीस किलोमीटर व्यासाच्या निव्वळ पाण्याच्या वर्तुळाच्या मध्यभागी उभे! एवढा हिशेब केला आणि मग हे कितीतरी वेळ बोललेच नाहीत. इतकी वर्षं पाणी मोजलेल्या माणसाला पहिल्यांदाच न मोजता येणारं पाणी भेटलं होतं.

रात्रीचं काय सांगू! जेवणाची दालनं म्हणजे आमच्याकडच्या सगळ्या लग्नांच्या पंगती एकाच मांडवात बसवल्यासारख्या. नाट्यगृहात नाच, वर गाणी, कॅसिनोत गर्दी. आम्ही मात्र बाल्कनीत. लांब काळोखात मासेमारी बोटींचे दिवे, खाली जहाजाने कापलेलं पाणी, आणि मुलं लहान होती तेव्हापासून राहून गेलेल्या गप्पा. नोकरी, बदल्या, मुलांच्या शाळा, सासर-माहेर, शेतीची कटकट, यात आम्ही दोघं असे समोरासमोर बसलोच कधी होतो? ‘बाल्कनी कशाला’ म्हणणारे हेच रात्री उशिरापर्यंत खुर्चीवरून उठायला तयार नव्हते. तेव्हा मला कळलं, क्रूझमध्ये खरा चैनीचा भाग कुठला. जेवण नाही, तलाव नाही. घराची बेल वाजणार नाही, फोन लागणार नाही आणि कुणी उठून जाऊ शकणार नाही, असा निवांत वेळ!

गोव्याबद्दल एकच सांगते. मुरगाव बंदर वास्कोला लागून आहे, पणजी तिथून सुमारे तीस किलोमीटर. वेळ मोजका मिळतो आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. म्हणून सगळा गोवा एका दिवसात उरकायला जाऊ नका. बोगमाळोसारखा जवळचा किनारा गाठा, मासे-भात खा, वेळेआधी परत या. गोवा पुन्हा बघता येईल.

आता भंडारा, तुमसर, साकोली, लाखनी, पवनी, मोहाडी, लाखांदूर, जिथून वाचत असाल तिथल्या जोडप्यांना माझी कळकळीची विनंती. निवृत्तीची, मुलांच्या लग्नाची, ‘पुढच्या वर्षी बघू’ची वाट पाहू नका. पहिल्या खेपेला मोठं जहाज, लांबचा देश आणि आठ-दहा रात्री यांच्या नादी लागू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली एखादी छोटी फेरी निवडा. मधल्या भागातली, खालच्या डेकची, बाल्कनीची खोली घ्या. शेवटची बेरीज लेखी मागा. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा विदर्भ एक्सप्रेसचं जातानाचं आणि येतानाचं तिकीट ज्याचं त्याचं आरक्षण उघडेल त्याच दिवशी काढा. गाडीला उशीर होऊ शकतो, म्हणून मुंबईत एक दिवस आधीच पोहोचा. बाकी सगळं जहाज बघून घेतं. तुम्ही फक्त एकमेकांना सोबत घ्या, आणि निघा!