शहरात आपलं माणूस

बारावीनंतर बोईसरजवळच्या आमच्या कुंभवली गावातली मुलं शिकायला बाहेर पडू लागतात. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून विरार-बोरिवलीचं कॉलेज बोईसरहून ये-जा करून जमतं. पुण्याला मात्र राहावंच लागतं. खोली मिळते, पण संध्याकाळी विचारपूस करणारं कुणी नसतं, तेच जास्त जड जातं. अशा वेळी पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती आठवते. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली ती सुरू केली. खेड्यातल्या गरजू मुलांना तिथे निवारा मिळाला, श्रमाची सवय लागली आणि हक्काची माणसं भेटली. रुळायला हेच लागतं. गावातून आधी शहरात गेलेल्यांनो, नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात फोन करा, रविवारी घरी जेवायला बोलवा.