मोतीचा कलावंतीण

कर्नाळा हे पक्ष्यांचं राज्य; आमच्या कुत्र्याला, मोतीला, तिथे न्यायचं नाही, हे घरात ठरलेलं. म्हणून आज पहाटेच पनवेलहून ठाकूरवाडी गाठली आणि प्रबळमाचीची वाट धरली. मोती पुढे, मी धापा टाकत मागे. माचीवर वाडीतल्या कुत्र्यांनी आधी हद्द सुनावली, मग शेपट्या हलल्या. एका बाजूला प्रबळगड, जुन्या नावाने मुरंजन. दुसऱ्या बाजूला कलावंतीणचा सुळका. कातळात खोदलेल्या त्या उंच पायऱ्यांपाशी मोती थबकला. पहिली पायरी हुंगली, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ बसकण मारली. माझा जीव वर अडकलेला. तरी त्याच्याशेजारी टेकले. ओंजळीतलं पाणी त्याने लपालपा संपवलं. वरून येणारे विचारत होते, “जाऊन आलात?” मी म्हटलं, “आमचा कलावंतीण इथपर्यंतच.”