जड पाणी, हलके पाणी

बदलीचा हुकूम आला की अण्णा प्रथम वेळापत्रक उघडून नव्या स्टेशनावरून कोणकोणत्या गाड्या जातात ते पाहत, आणि आई, हातातले निवडण न सोडता, एवढेच विचारी, "तिथलं पाणी कसं आहे?" या प्रश्नाचे उत्तर अण्णांना कधीच देता आले नाही. जी. आय. पी. रेल्वेत स्टेशनमास्तराचे बिऱ्हाड एका जागी तीन-चार वर्षांपलीकडे क्वचितच टिके. १९२१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती कुर्डुवाडीच्या क्वार्टरात आली तेव्हापासून १९५६ साली अण्णा नोकरीतून मोकळे होईपर्यंत तिने अकरा बिऱ्हाडे मांडली आणि अकरा मोडली. या भ्रमंतीत तिची मर्जी कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. पासावर तिचे नावसुद्धा नसे. 'पत्नी व तीन मुले' एवढ्या मजकुरात तिची वासलात लागलेली असे.

वाडी जंक्शनला आम्ही उतरलो ती रात्र मला आठवते. मी सहा-सात वर्षांचा असेन. हा मुलूख निजामाचा, येथून हैदराबादेकडे त्याची रेल्वे फुटते आणि बाजारात कलदार रुपयाबरोबर हाली सिक्काही चालतो, हे सारे अण्णा आम्हांला गाडीतच समजावून सांगत होते. ते चार्ज घ्यायला गेले, आणि वळकट्या, ट्रंका, प्रायमसचा स्टोव्ह, पाटा-वरवंटा अशा सोळा नगांच्या मध्यभागी आम्हा मुलांना बसवून आईने फिरकीचा तांब्या उघडला, फलाटावरच्या नळाखाली तो विसळून भरून घेतला आणि एक घोट तोंडात घेतला. तो तिने लगेच गिळला नाही. जीभ टाळूला दोनदा लावली, कंदिलाच्या उजेडात तिच्या कपाळावर आठी उमटली, आणि मग घोट गिळून ती, आम्हांला उद्देशून की स्वतःशीच कोण जाणे, म्हणाली, "जड आहे. डाळ रात्रीच भिजत घालायला हवी."

तिचा निकाल बिनचूक होता. दुसऱ्या दिवशी तुरीची डाळ दीड तास चुलीवर खदखदूनही दाणा दाण्याला ओळख देईना, आणि साबणाला फेस येण्याऐवजी बादलीत नुसता चोथा तरंगू लागला. तो सारा प्रदेश चुनखडीचा. घरोघरच्या ओट्यांवर जी शहाबादी फरशी दिसते तिचे शहाबाद तेथून हाकेच्या अंतरावर. पाण्यात विरघळलेला तो चुना डाळीच्या अंगात शिरून तिला मऊ होऊ देत नाही, हे शास्त्र मी पुढे कॉलेजात शिकलो. आईला त्यावरचा चिमूटभर सोड्याचा उतारा तेवढा ठाऊक होता. गंमत अशी की त्याच सुमारास शेजारचे ड्रायव्हर अण्णांपाशी गाऱ्हाणे सांगत की या पाण्याने इंजिनाच्या बॉयलरमध्ये क्षारांचे पुट चढते, आणि अण्णा ते रात्री जेवताना मोठ्या गांभीर्याने आईला सांगत. आई त्यांच्या पानात न शिजलेले वरण वाढत असे. नवरा-बायको एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत, हे त्या दोघांच्याही ध्यानात आले नसावे.

इगतपुरीचे पाणी मात्र तिच्या मते अमृत. घाट चढून आलेल्या गाडीचे विजेचे इंजिन तेथे सुटून वाफेचे लागे, तेवढ्या अवकाशात वरण शिजते, अशी ती अतिशयोक्ती करी. पण त्या गावी चार महिने पाऊस खळत नसे; पाणी हलके, तर सरपण ओले, आणि फुंकणीने फुंकून फुंकून तिचे डोळे लाल. मनमाडच्या पाण्याविषयी तिला मत नव्हतेच, कारण तेथे पाणी मिळणे हाच पुरुषार्थ होता. आणि एका स्टेशनाचे पाणी ती कधीच सांगत नसे. तेथे माझी दोन वर्षांची बहीण पटकीने एका रात्रीत गेली. त्या स्टेशनाचे नाव मीही येथे घालत नाही. त्यानंतर आमच्या घरी प्यायचे पाणी उकळल्याशिवाय माठात पडले नाही, एवढे लिहितो.

अण्णांच्या पश्चात, १९६८ साली, ताईने तिला लंडनला बोलावून घेतले. बासष्टाव्या वर्षी ती प्रथमच स्वतःच्या नावाच्या कागदावर निघाली. पासपोर्टावरचे ते लांबलचक नाव तिने दोनदा वाचून घेतले आणि तो ट्रंकेत लुगड्यांखाली नीट ठेवला. तेथे तिने काय पाहिले याची मला फार उत्सुकता होती, पण राजवाडे आणि पूल तिने दोन वाक्यांत आटोपले. ताईच्या चहाच्या किटलीत आतून पांढरे पुट चढलेले पाहून तिने ते नखाने खरवडले आणि ती उद्गारली, "अगं, ही तर वाडीच की!" लंडनच्या भूगर्भातही खडूचा दगड आहे. पुढे जावईबापूंना ग्लासगोला नोकरी लागली (बदली तिच्या पाठीस लागलेलीच होती!) आणि १९७१ साली ती तेथेही राहून आली. १८५९ सालापासून त्या शहराला डोंगरातल्या कॅट्रिन सरोवराचे पाणी मिळते. तिच्या पत्रात त्याचा उल्लेख नव्हता, होते ते इतकेच: "इथे डाळ झटकन शिजते, धुणे मात्र वाळत नाही. इगतपुरी आठवली."

प्रवासवर्णने मी पुष्कळ वाचली आहेत, आणि ती लिहिणाऱ्यांचा मला हेवाही वाटतो. परंतु दोन अपरिचित शहरांचे असे तंतोतंत लक्षण सांगणारी ओळ मला त्यांत आढळली नाही.

शेवटची वर्षे ती पुण्यात माझ्याकडे होती. खडकवासल्याच्या पाण्याला तिने 'बरं आहे' एवढा शेरा दिला होता. १९९३ सालच्या ज्येष्ठात, सत्त्याऐंशी वर्षांची होऊन, ती अंथरुणाला खिळली. नजर स्थिरावेना तेव्हा देवघरातला, तिनेच काशीहून आणलेला, लाखेने बंद केलेला गंगेचा गडू मी फोडला आणि तुळशीच्या पानावरून चमचाभर पाणी तिच्या ओठांत सोडले. ते तिने लगेच गिळले नाही. जीभ टाळूला एकदा लागली, मग पुन्हा एकदा, आणि कपाळावर ती जुनी आठी उमटली. मी कान अगदी तिच्या तोंडाशी नेला. पण तिने काही सांगितले नाही.