रात्री दोनचे बुडबुडे

आमच्या वेळी गाडीची बॅटरी एकाएकी जात नसे, आधी आजारी पडे. थंडीत फियाटचा सेल्फ मारला की इंजिन कण्हायचं, मग कुंथायचं, हेडलाइट पिवळे पडायचे. दोन-तीन सकाळी गल्लीतल्या पोरांनी धक्का मारून झाला की बाबा पान्हा काढत. आधी काळी वायर, मग लाल. क्रम चुकला आणि पान्हा बॉडीला टेकला, की ठिणगी ठरलेली.

आताची गाडी काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत असते आणि आज सकाळी नुसतं टकटक करते. ऑटोमॅटिक असेल तर धक्क्याचाही उपयोग नाही. आणि असता, तरी सोसायटीत धक्का मारायला हाक कोणाला मारणार?

तेव्हा बॅटरी मागच्या गॅलरीत गोणपाटावर विराजमान व्हायची. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड गरम पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने फसफसून जायची. मग सहा बुचं खोलून प्लेटा बुडाल्यात का, ते बघायचं. पाणी डिस्टिल्डच हवं. आमच्या घरी फ्रिजमधल्या बर्फाच्या पाण्याला ती पदवी बहाल झालेली होती. हायड्रोमीटरचा रबरी फुगा दाबून सोडला की नळीत ॲसिड चढे आणि आतला तरंगता काटा १.१५ दाखवी. तो १.२६ च्या आसपास येईपर्यंत चार्जर घुमत राही. रात्री दोनला बाबा उठत, सहाही घरांत सारखे बुडबुडे येताहेत का बघत, आणि कोणी न विचारताच अंधारात सांगत, "अजून तासभर."

हे फार रम्य वाटतंय, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. बुडबुडे हायड्रोजनचे असत. एकदा दिवे गेले असताना शेजारच्या काकांनी पाण्याची पातळी बघायला काडी ओढली. बूच छताला लागलं, ॲसिड चष्म्यावर उडालं. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. आमच्या शाळेच्या शर्टांना पडलेली भोकं तर मोजलीच नाहीत. आणि चिमटे उलटे लागले तरी तो चार्जर मुकाट्याने घुमत राहायचा, काहीतरी जळल्याचा वास येईपर्यंत.

आताचा चार्जर साबणाच्या डबीएवढा. चिमटे उलटे लावले तर कामालाच लागत नाही, बॅटरी भरली की आपणहून मंदावतो. गेल्या महिन्यात मी पार्किंगमध्येच बॉनेट उघडून तो लावला. हवा खेळती हवी, एवढं जुनं शिक्षण उपयोगी पडलं. सीलबंद बॅटरीलाही वायू सोडायला बारीक वाट असतेच. पण खोलायला बूच नाही, बघायला पाणी नाही. करायचं काय, तर वर जाऊन झोपायचं.

रात्री दोनला जाग आली. ती वयाने आली, पण मी श्रेय बॅटरीला दिलं आणि लिफ्टने खाली गेलो. हिरवा दिवा लागलेला होता. तरीही वाकून कान लावला.

"काय साहेब, उंदीर शिरला का?" वॉचमनने विचारलं.