अधिक मासाची सवलत

विषमज्वरातून उठल्यावर अंगात जो एक विलक्षण, जवळजवळ सुखद म्हणावा असा अशक्तपणा रेंगाळत असतो, त्या अवस्थेतच यंदाचा पाडवा आला. आणि नव्या वहीत लेखनाचे, वाचनाचे, पहाटे उठण्याचे संकल्प मुदतीसह मुक्रर करण्याचा माझा परिपाठ असूनही, या खेपेस लेखणीऐवजी नवे पंचांगच हाती घेऊन मी पडून राहिलो. ओवा, हिंग, गूळ घालून वाटलेल्या कडुनिंबाच्या गोळीचेही, तापाने आधीच कडवटलेल्या जिभेला, काही विशेष वाटले नाही.

पंचांगातला काळ मात्र पाहत राहावा असा! कुठे एखादी तिथी सूर्योदय न पाहताच क्षयाला जाते, तर कुठे एखादी दोन सूर्योदयांपर्यंत रेंगाळते. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे, सौर 365 दिवसांचे, आणि ही तूट साचत साचत साधारण 33 महिन्यांनी एक अख्खा अधिक मास घालून भरून काढावी लागते. या दिरंगाईबद्दल कोणा ज्योतिर्विदाने चंद्राला ताकीद दिल्याचे ऐकिवात नाही.

मग माझ्याच अपुऱ्या कादंबरीमागे तारखेचा तगादा कशाला? लिहिणे सोडायचे नाही, एवढीच तजवीज ठेवावी. पाने सुचतील तशी होतील. ही सवलत आळसाला फार मानवेल, अशी शंका मनात आहे, आणि तिचे निरसन अद्याप झालेले नाही. दुपारी नायिकेच्या माहेरच्या ओसरीचे वर्णन तेवढे लिहिले. पहाटे उठण्याचा मुद्दा तूर्त तहकूब.