कधीकधी बंद पडतं

आमच्या कामात 'बंद पडलंय' या वाक्याची फारशी भीती वाटत नाही. पूर्ण बंद पडलेला सर्व्हर तसा सरळ असतो. काय बिघडलंय ते शोधायचं, दुरुस्त करायचं, चहा घ्यायचा. धडकी भरते ती 'कधीकधी बंद पडतं' या वाक्याने. कारण आपण बघायला जावं तर ते हटकून चालू असतं! दातदुखीने रात्रभर तळमळावं आणि दवाखान्याच्या खुर्चीत बसल्यावर नेमका कुठला दात तेच सांगता येऊ नये, तशातली गत.

त्यातून माझं काम लांबच्या सर्व्हरचं. मी पुण्यात, सर्व्हर मुंबईत कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये, आणि वापरणारे तिसऱ्याच गावात. ज्या यंत्राची मी नाडी बघते ते मी डोळ्यांनी कधी पाहिलेलंही नसतं.

तर ही गोष्ट २०१२ सालची. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टचं एक छोटं हॉस्पिटल आहे. नाव मुद्दामच देत नाही. तिथल्या लॅबचे रिपोर्ट भाड्याने घेतलेल्या एका सर्व्हरवर ठेवायचे, वॉर्डातून डॉक्टरांनी ते बघायचे, अशी सोय केलेली होती. लॅब सांभाळणाऱ्या काकू आईच्या माहेरच्या शेजारच्या. (आमच्या घरच्यांनी ओळखलं असेलच कोण ते. कृपया गप्प बसा!) एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"अगं, तू ते सर्व्हरचं बघतेस ना? आमचं जरा बघशील का? सगळे म्हणतात मलाच जमत नाही."

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. गेले तीन महिने काकूंच्या संगणकावर रिपोर्टचं पान मधूनच उघडायचं नाही. ऑफिसातल्या अकाउंटंटच्या विंडोज एक्सपीवर मात्र कधीच अडायचं नाही. इंटरनेटवाला माणूस दोनदा येऊन 'चालू आहे' सांगून गेला. सर्व्हर भाड्याने देणारे म्हणाले, आमच्याकडून सगळं ठीक. मग राहिलं कोण? काकू. वय पन्नाशीपुढचं, संगणक उशिरा शिकलेल्या, त्यामुळे निकाल झटकन लागला. डेंगीचे दिवस होते. प्लेटलेट्सचा आकडा सर्व्हरवर चढेना म्हणून काकू कागद हातात घेऊन जिने चढत होत्या, आणि तिकडे त्यांना रिपोर्टच्या कामावरून काढून नुसत्या रक्त घ्यायच्या टेबलावर बसवायचं घाटत होतं.

मी आधी नेहमीचे उपाय केले. सर्व्हरला रात्रभर पिंग लावून ठेवलं. एकही उत्तर गळालं नाही. वाटेतले टप्पे दाखवणारं साधन चालवलं, तर मधल्या एका टप्प्यावर तीस टक्के गळती दिसली. पण त्याच्या पुढच्या टप्प्यांवर काहीच गळती नव्हती. याचा अर्थ तो मधला राऊटर सामान नीट पुढे पाठवत होता, फक्त माझ्या 'आहेस का?'ला उत्तर द्यायचा कंटाळा करत होता. पुष्कळ ठिकाणी अशा आकड्यावरून भांडणं होतात, आणि इथेही दोन्ही कंपन्या तोच आकडा एकमेकींच्या तोंडावर फेकत होत्या.

मग मी काकूंना विचारलं, "नक्की कधी अडतं हो?" मनात म्हटलं, आता आठवडाभर वेळा लिहून ठेवायला सांगावं लागणार.

"थांब, वाचून दाखवते," काकू म्हणाल्या.

दुधाचा हिशोब लिहितात तसा त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सगळा हिशोब ठेवला होता. तारीख, वेळ, किती वेळाने उघडलं. आणि खाली तीन शेरे. एक, मिनिटभर नुसतं थांबलं की आपोआप उघडतं. दोन, रात्रपाळीत एकटी असताना कधीच अडत नाही. तीन, संगणक बंद करून चालू केला की जास्तच अडतं.

तिसऱ्या शेऱ्यावर म्हणे ऑफिसात सगळे हसले होते. बंद करून चालू करणं हा तर आमच्या शास्त्रातला रामबाण! त्याने कुठे आजार वाढतो? पण मला तोच शेरा सगळ्यात मोलाचा वाटला. ज्याला अंदाजाने बोलायचंय तो असलं काही सांगत नाही. असं तोच सांगतो ज्याने ते पाहिलंय.

काकूंच्या वेळा सर्व्हरच्या नोंदींशेजारी मांडायला बसले. सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर, म्हणजे साडेपाच तास मागे. लॅबमधलं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे. (का पुढे? "उशीर होऊ नये म्हणून." बरोबरच आहे.) हे सगळं जुळवल्यावर दोन गोष्टी दिसल्या. अडलेल्या वेळी काकूंच्या संगणकाची सर्व्हरवर नोंदच नव्हती, जणू त्या दाराशी आल्याच नाहीत. आणि प्रत्येक वेळी त्याआधी मिनिटाच्या आत लॅबमधल्याच दुसऱ्या संगणकाची नोंद होती. रक्ताचे आकडे देणाऱ्या यंत्राला जोडलेला तो संगणक कधीच बंद करत नसत. दोन्ही संगणक उबुंटूवर चालणारे.

मग सर्व्हरवर येणारं-जाणारं प्रत्येक पाकीट टिपून ठेवणारं साधन लावलं आणि काकूंना म्हटलं, अडलं की लगेच फोन करा. दुसऱ्या दिवशी पावणेअकराला फोन आला. पाहते तर काकूंची साद सर्व्हरच्या दारापर्यंत नीट पोचत होती. एकदा, दोनदा, तीनदा. सर्व्हर ऐकत होता आणि ढिम्म उत्तर देत नव्हता. म्हणजे रस्ता धडधाकट होता. ज्या दोन कंपन्या भांडत होत्या त्यांच्या मधल्या तारेचा काही दोषच नव्हता.

का उत्तर देत नव्हता, ते थोडक्यात सांगते. तांत्रिक नको असेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

नेटवर्कवरच्या पाकिटांवर बऱ्याचदा पाठवणाऱ्या संगणकाच्या घड्याळाचा एक आकडा असतो. जुनं, वाटेत रेंगाळलेलं पाकीट ओळखता यावं म्हणून १९९२ साली ही सोय ठरवली गेली. त्या काळच्या लिनक्समध्ये हा आकडा संगणक चालू केल्यापासून वाढत जायचा. आता हॉस्पिटलातल्या सगळ्या संगणकांचा बाहेरच्या जगासाठी पत्ता एकच, राऊटरचा. एका वाड्यात दहा बिऱ्हाडं आणि पत्ता एक, तसं. सर्व्हरवर 'टीसीपी टीडब्ल्यू रिसायकल' नावाची एक सोय चालू करून ठेवलेली होती. संपलेल्या जोडण्यांची आवराआवर लवकर व्हावी, हा तिचा हेतू. पण ती चालू असली की सर्व्हर पत्त्यागणिक शेवटचा आकडा लक्षात ठेवतो, आणि पुढच्या साठ सेकंदांत त्याच पत्त्यावरून लहान आकड्याची साद आली तर शिळी समजून गुपचूप टाकून देतो. एका पत्त्यावर एकच माणूस राहतो असं त्याने धरलेलं! कायम चालू असलेल्या संगणकाचा आकडा मोठा. काकूंचा संगणक रोज सकाळी चालू होणारा, त्याचा लहान. मोठा बोलून गेला की मिनिटभर लहानाचं कोणी ऐकत नसे. आणि एक्सपी आपणहून साद घालताना हा आकडा लावतच नसे, म्हणून अकाउंटंटसाहेब सुखात.

काकूंचे तिन्ही शेरे परत वाचून बघा. मिनिटभर थांबलं की उघडतं: साठ सेकंद. रात्री अडत नाही: दुसऱ्या यंत्रावर तेव्हा काम नसे. बंद करून चालू केलं की वाढतं: आकडा पुन्हा शून्याजवळ. एकही शब्द चुकीचा नव्हता.

सर्व्हर अशा टाकून दिलेल्या सादी मोजतही होता. आकडेवारीच्या लांबलचक यादीत एक ओळ होती, आणि तिथला आकडा हजारांत गेलेला. एकाच्या जागी शून्य लिहून ती सोय बंद केली. अर्ध्या मिनिटाचं काम. ओळीतला आकडा जागच्या जागी थांबला.

ही सोय कुणी चालू केली होती? सर्व्हर पहिल्यांदा लावून दिला त्याने. वाईट हेतूने नक्कीच नाही. 'सर्व्हर वेगवान करा' छापाच्या पाककृती तेव्हा सगळीकडे फिरत, त्यात ही ओळ असायचीच. लिनक्सच्या माहितीपानावर तिच्याविरुद्ध इशाराही होता, पण इशारे वाचतो कोण! शेवटी २०१७ साली लिनक्स ४.१२ मधून ही सोय कायमची काढून टाकली.

ट्रे हॅरिस नावाच्या सर्व्हर सांभाळणाऱ्याने २००२ साली लिहिलेला एक किस्सा आमच्या धंद्यात प्रसिद्ध आहे. विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख त्याला सांगतात, आमची ईमेल पाचशे मैलांपलीकडे जात नाही. कोणीही हसावं असंच वाक्य. पण त्यांनी आकडे गोळा केले होते, आणि तक्रार खरी निघाली. थांबण्याची मुदत चुकून जवळपास शून्य झाली होती, आणि तेवढ्या वेळात प्रकाश साधारण तेवढाच लांब जातो. तिथे प्रमुखांच्या हाताशी संख्याशास्त्रज्ञ होते. आमच्या काकूंच्या हाताशी कॅलेंडर.

दुरुस्तीनंतर काकूंनी विचारलं, "म्हणजे माझं चुकत नव्हतं ना?"

"अजिबात नाही."

"मग ते तसं लिहून देशील का?"

दिलं. साध्या मराठीत एक पानभर, ट्रस्टच्या नावे. दोष काय होता, कुठे होता आणि तो काकूंच्या नोंदींमुळे सापडला, एवढंच. त्यांच्या तिन्ही शेऱ्यांपुढे कारण लिहिलं. काकू निवृत्त होईपर्यंत रिपोर्टच्याच कामावर राहिल्या. त्या पानाची झेरॉक्स कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती म्हणे.

आता कोणी 'कधीकधी' म्हटलं की मी आधी वेळ विचारते, मग त्या वेळी आजूबाजूला आणखी कोण काय करत होतं ते. सांगणाऱ्याला संगणक किती येतो हा प्रश्न विचारायचा मी सोडून दिलाय. त्याच्या उत्तराने आजवर काही सापडलेलं नाही.

असो. नातेवाईक मंडळींना एक विनंती. रात्री साडेदहाला 'नेट चालत नाही गं' म्हणून फोन कराल तेव्हा हाताशी कॅलेंडर ठेवा. आणि भिंतीवरचं घड्याळ किती पुढे आहे, तेही सांगा.