झिजलेल्या हाडाची भरपाई

आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात 27 वर्षे भाकरी थापणाऱ्या मावशी गतवर्षी माझ्याकडे तपासणीस आल्या, तेव्हा त्यांचा उजवा गुडघा आत वळून डाव्याला घासत होता. आमवाताने दीर्घकाळ ग्रासलेल्या गुडघ्यांत असे व्यंग अनेकदा आढळते. ज्यांच्या हातची भाकरी खाऊन मी अस्थिशल्यचिकित्सक झालो, त्यांच्याच पायावर शस्त्र चालवायचे, या विचाराने मन दडपले.

शस्त्रक्रियेपूर्वी त्यांनी विचारले, "बाळा, वंदनेला खाली मांडी घालून बसता येईल ना रे?" होय म्हणावेसे वाटले, परंतु आपल्या शाळेने सम्यक वाचा केवळ पाठ करून घेतली नव्हती. "नाही मावशी, खुर्चीवरच बसावे लागेल." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगितलंस. आता कर."

अशा गुडघ्यात सांध्याची बाहेरची बाजू झिजते. मांडीच्या हाडाचे बाहेरील गोल टोक खुजे होते, नडगीच्या माथ्यावर खळगा पडू शकतो. कृत्रिम सांध्याची दिशा हाडाच्या मागील गोल टोकांवरून ठरवली, तर झिजलेली बाजू फसवते. सांधा आत फिरून बसतो आणि गुडघ्याची वाटी घसरू लागते. म्हणून हाडाच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांना जोडणारी रेषा प्रमाण मानतात.

खळग्याच्या तळापर्यंत सारे हाड कापणे सोपे. पण खोलवरचे हाड दुबळे असते आणि कापलेले परत येत नाही. सुमारे 5 मिलिमीटरपर्यंतचा खळगा अस्थिसिमेंटने भरता येतो. त्याहून खोल असल्यास कापून निघालेल्या हाडाचेच कलम करतात किंवा धातूची पाचर बसवतात. आधारासाठी हाडाच्या पोकळीत दांडा उतरवतात. मावशींचा खळगा आम्ही त्यांच्याच हाडाने भरला. बाहेरचे आखडलेले बंध बेताने सैल केले; कारण वर्षानुवर्षे वाकलेला पाय एकदम सरळ केल्यास नस ताणली जाऊन पाऊल लुळे पडू शकते. भूल उतरताच मी त्यांना पाऊल उचलण्यास सांगितले. त्यांनी ते उचलले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेस मावशी विहारात चालत आल्या आणि खुर्चीवर बसून त्यांनी त्रिशरण घेतले. माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती : घरातील वडीलधाऱ्यांचे गुडघे वाकू लागले, तर "वयच झाले" म्हणून सोडून देऊ नका. हाड शिल्लक असेतो आलेला रुग्ण शल्यचिकित्सकाचे अर्धे काम हलके करतो.

नमो बुद्धाय, जय भीम!